जीर्णोद्धार, उपकर आणि अनुदान : जुन्या बाजारपेठी इमारतींच्या संदर्भात

जुनी वास्तू पुन्हा उभी करण्याच्या क्रियेला मराठीत ‘जीर्णोद्धार’ हा भारदस्त शब्द आहे. तो देवळांच्या, घाटांच्या, धर्मशाळांच्या संदर्भातला. त्यामागे पुण्याची कल्पना आहे, आणि नवे बांधण्यापेक्षा जुने सावरण्याचे पुण्य अधिक मानणारी परंपराही आहे. अहिल्याबाई होळकरांनी काशी विश्वनाथाचे मंदिर १७८० मध्ये पुन्हा उभारले, तेव्हा खर्च कोणी करावा हा प्रश्न या शब्दाच्या कक्षेत येतच नव्हता. दुकानाच्या किंवा कचेऱ्यांच्या इमारतीला मात्र हा शब्द आपण लावत नाही. तिची ‘डागडुजी’ होते, ‘मरामत’ होते आणि अखेरीस ‘पुनर्विकास’ होतो. सार्वजनिक पैशातून खाजगी बाजारपेठी इमारत सावरावी की नाही, या वादाचे मूळ काही अंशी या शब्दभेदातच आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

पाश्चात्त्य देशांत अशा अनुदानाचे समर्थन साध्या हिशेबावर उभे आहे. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचा खर्च दुरुस्तीनंतर तिला येणाऱ्या किमतीपेक्षा अधिक असतो. ही तूट मालक सोसत नाही, आणि बँक त्यासाठी कर्ज देत नाही. पण इमारत ओस पडली तर शेजारच्या दुकानांचे गिऱ्हाईकही उतरणीला लागते. म्हणून तूट सरकारने भरावी. अमेरिकेत १९७६ पासून करसवलतीच्या मार्गाने हे घडू लागले आणि १९८६ च्या कायद्याने नोंदलेल्या ऐतिहासिक इमारतींसाठी सवलतीचा दर २० टक्के ठरला. ब्रिटनमध्ये १९९८ पासून लॉटरीच्या उत्पन्नातून जुन्या पेठांसाठी निधी मिळू लागला. दोन्हीकडे अट एकच : इमारत टिकली पाहिजे.

मुंबईत हा हिशेब उलटा फिरला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले. युद्धोत्तर टंचाईत ते आवश्यक होते, हे नाकारता येणार नाही. परंतु कायद्याची मुदत पुनःपुन्हा वाढत गेली. भाडे तेच आणि गवंड्याची मजुरी मात्र दरसाल वाढती, तेव्हा मालकाने छपराकडे पाहणे सोडले. खरा व्यवहार ‘पागडी’त होऊ लागला. चाळीविषयीच्या मराठी लेखनात गळके छप्पर आणि डळमळीत जिना हा बहुधा विनोदाचा, क्वचित करुणेचा विषय असतो. ‘बटाट्याची चाळ’ १९५८ ची, म्हणजे भाडेकायदा होऊन अकरा वर्षांनंतरची. त्या डळमळीत जिन्यामागे एक विशिष्ट कायदा होता, याची दखल आपल्या समीक्षेने पुरेशी घेतलेली नाही.

इमारती कोसळू लागल्यावर बेडेकर समितीच्या शिफारशीवरून १९६९ चा मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या १९,६४२ इमारती उपकराखाली आल्या. त्यांपैकी १६,५०२ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. उपकर, शासनाचा वाटा आणि महापालिकेचा वाटा यांतून दुरुस्ती करावी, अशी ही योजना होती. ‘उपकर’ हा शब्द येथे अनुदानाच्या विरुद्ध टोकाला उभा आहे, कारण राहणाऱ्यानेच आधी भरायचे आणि मग वाट पाहायची. शिवाय कायद्याचा रोख राहत्या घराकडे होता. खाली दुकान, मध्ये वकिलाची कचेरी आणि वर बिऱ्हाडे अशी जी खास मुंबईची इमारत, तिच्या व्यापारी अंगाचा स्वतंत्र विचार त्यात नव्हता.

१९८६ मध्ये ‘म्हाडा’ कायद्यात नवे प्रकरण आले. सत्तर टक्के भाडेकरूंनी मागणी केल्यास मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन इमारत संपादित करण्याची तरतूद त्यात होती. मालकांच्या संघटनेने तिला आव्हान दिले. त्यातून निघालेल्या प्रश्नावर, म्हणजे सर्व खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरते काय यावर, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये नकारार्थी उत्तर दिले. एका जिन्याच्या दुरुस्तीपासून निघालेला वाद राज्यघटनेच्या एकोणचाळिसाव्या अनुच्छेदापर्यंत गेला, तो असा.

दरम्यान, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने पैशाऐवजी जादा चटईक्षेत्र देऊ केले. शासनाच्या तिजोरीतून काहीच जात नाही, म्हणून हा मार्ग लोकप्रिय झाला. पण हे अनुदान इमारत पाडल्यावरच हाती पडते. परदेशी योजनेत टिकवण्याला मोबदला होता, येथे पाडण्याला आहे. वारसा नियमांनी १९९५ पासून काही इमारतींना संरक्षण दिले, तरी संरक्षण म्हणजे मनाई. मनाईने छप्पर शिवले जात नाही.

काळा घोडा भागातील वॉटसन हॉटेल याचे उदाहरण आहे. १८६० च्या दशकाअखेरीस इंग्लंडात ओतलेले लोखंडी खांब व तुळया जहाजाने आणून ते येथे जुळवले गेले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ तेथेच झाला. पुढे ‘एस्प्लनेड मॅन्शन’ झालेल्या या इमारतीत वकिलांच्या कचेऱ्या आणि दुकाने दाटली. २००५ मध्ये तिचे सज्जे कोसळले. त्याच वर्षी जागतिक स्मारक निधीने तिला धोक्यातील वास्तूंच्या यादीत घेतले. २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली. आयआयटी मुंबईच्या अहवालाचा कल पाडण्याकडे होता, तर वारसा-वास्तुविशारदांनी ती वाचवता येईल असे म्हटले. वारसा, उपकर आणि भाडेनियंत्रण हे तिन्ही कायदे तिला लागू होते, आणि खर्चाची जबाबदारी प्रत्येकाने दुसऱ्यावर टाकली.

भिलाईत बसून हे लिहिताना एक विरोध जाणवतो. हे गाव ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे तो १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्याचा भाग होता. मात्र मुंबईच्या भाडेकायद्याचा इतिहास येथे घडला नाही. १९५५ चा सोव्हिएत करार आणि १९५९ ची पहिली झोतभट्टी यांच्याबरोबर वसलेल्या या नगरात जमीन, बाजार आणि सिव्हिक सेंटर यांचा धनी कारखानाच. दुकानदार त्याचा पट्टेदार. पागडीला कारण देणारा खाजगी घरमालक येथे नाही, आणि तूट भरून द्यावी असा अनुदानाचा अर्जदारही नाही. सेक्टरांतल्या पहिल्या बाजारांनी आता साठी ओलांडली आहे. त्यांच्या गळत्या स्लॅबचा प्रश्न कारखान्याच्या अंदाजपत्रकात, देखभालीच्या रकान्यात पडतो. वॉटसनचे लोखंड इंग्लंडातून आले होते. जेथे पोलाद घरचेच आहे, तेथेही दुकानदाराला छपरावरची ताडपत्री दर पावसाळ्यात स्वतःच बांधावी लागते.