अपडेटनंतर फोन सारखा बंद-चालू होतोय? पुसण्याआधी थांबा!

रात्री फोनवर सूचना येते, 'नवीन अपडेट तयार आहे.' आपण 'हो' म्हणून फोन चार्जिंगला लावतो आणि झोपी जातो. सकाळी बघावं तर पडद्यावर कंपनीचं नाव येतं, जातं, पुन्हा येतं. किंवा फोन सुरू होतो, पाच मिनिटं शहाण्यासारखा वागतो आणि मग आपला आपणच बंद होऊन पुन्हा चालू होतो. गॅसचं बुकिंग, मुलांच्या शाळेचे निरोप, भाजीवाल्याला द्यायचे पैसे, सासूबाईंच्या औषधांच्या चिठ्ठीचा फोटो... सगळंच त्या डबीत अडकलेलं!

अशा वेळी कोणी तरी हमखास म्हणतं, "रीसेट मारून टाक, होईल ठीक." चिरंजीव असतील, भावोजी असतील, नाहीतर कोपऱ्यावरचा दुकानदार. गंमत अशी, की रीसेट मारल्यावर फोन बहुधा खरंच ठीक होतो. पण त्याच्या पोटातलं सारं पुसलं जातं. आमच्या ओळखीच्या एका बाईंचं असंच झालं. दुकानात तासाभरात फोन सुरू झाला. पण त्यांच्या आईनं शेवटच्या आजारपणात पाठवलेले आवाजातले निरोप गेले ते गेलेच. फोन काय, नवा घेता येतो हो!

म्हणून मैत्रिणींनो, एक गोष्ट ध्यानात धरा : आधी सामान बाहेर काढायचं, मग दुरुस्ती, आणि पुसण्याचा उपाय सगळ्यात शेवटी. त्याआधीचे उपाय सोपे आहेत. 'हे' ऑफिसातून येईपर्यंत वाट बघायची गरज नाही.

असं होतं तरी का?

फोनमध्ये एक मूळ व्यवस्था असते आणि तिच्या आधारानं बाकीची ॲप्स चालतात. अपडेट म्हणजे ही मूळ व्यवस्थाच बदलणं. घराचं वायरिंग नवं केलं, सगळे दिवे लागले, पण एखादी जुनी इस्त्री लावताच फ्यूज उडाला, तशातला हा प्रकार. नव्या व्यवस्थेशी न जुळणारं जुनं ॲप, अर्धवट उतरलेली फाइल किंवा गच्च भरलेली जागा यांमुळे फोन अडखळतो आणि स्वतःला सावरण्यासाठी नव्यानं सुरू होतो. अडथळा तिथंच असला की पुन्हा अडखळतो. हेच ते चक्र.

कधी चूक कंपनीचीच असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस१०, नोट१० यांसारख्या जुन्या फोनांवर कंपनीच्याच एका ॲपचं अपडेट आलं आणि कित्येक फोन या चक्रात सापडले. कधी कारण अगदीच क्षुल्लक असतं. २०२० साली एका सुंदर तळ्याचा फोटो पडद्यामागं लावताच काही अँड्रॉइड फोन बंद-चालू होऊ लागले होते. त्या फोटोतल्या रंगांचा हिशेब फोनला झेपेना, एवढंच कारण! तेव्हा 'माझ्याच हातून काही दाबलं गेलं असेल' म्हणून स्वतःला दोष देत बसू नका.

आधी धीर धरा

मोठ्या अपडेटनंतर फोन पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ घेतो, थोडा तापतोही. तेव्हा फोन त्याच्या स्वतःच्या चार्जरला लावा आणि अर्धा तास हात लावू नका. कव्हर काढून ठेवा. घट्ट कव्हरमुळे बाजूचं बटण दाबलेलं राहतं आणि फोन बंद-चालू होतो, असंही घडतं. मेमरी कार्ड असेल तर फोन बंद करून तेही काढा.

फोन रोज रात्री ठरावीक वेळी एकदाच बंद-चालू होत असेल तर तो बिघाड नव्हे. काही फोनांत तशी सोयच दिलेली असते.

फोन थोडा वेळ तरी चालतोय?

मग तुमचं नशीब चांगलं. मिळतील ती पाच-दहा मिनिटं फक्त सामान बाहेर काढायला वापरा. घरात संगणक असेल तर केबल लावून फोटो उतरवून घ्या. नसेल तर वायफाय चालू करून 'गुगल फोटोज'चा बॅकअप सुरू करा. मध्येच फोन बंद पडला तरी चढलेले फोटो चढलेले राहतात. मग व्हॉट्सॲपमध्ये 'सेटिंग्ज', 'चॅट्स', 'चॅट बॅकअप' असं जाऊन बॅकअप घ्या. गुगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट असते. ती भरली असेल तर बॅकअप पुढं सरकत नाही, हे आधी बघा. फोन नंबरही गुगल खात्यात साठवले आहेत ना, याची खात्री करा.

सामान बाहेर निघालं की दुरुस्तीला लागा. 'गुड मॉर्निंग'ची चित्रं आणि नको असलेले व्हिडिओ काढून जागा मोकळी करा. प्ले स्टोअरमध्ये जाऊन ॲप्सची अपडेट्स घ्या. तरीही चक्र थांबलं नाही तर 'सेफ मोड'. पॉवरचं बटण दाबल्यावर 'पॉवर ऑफ' येतं. त्यावर बोट दाबून धरलं की बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर 'सेफ मोड' येतो. यात फक्त फोनबरोबर आलेली ॲप्स चालतात. असा तास-दोन तास फोन नीट चालला तर समजावं, की दोष आपण घातलेल्या एखाद्या ॲपचा आहे. शेवटी घेतलेल्या ॲपपासून सुरुवात करून एकेक काढा आणि दर वेळी फोन नेहमीसारखा सुरू करून बघा. कोणतं डाळीत काळं ते आपोआप कळतं.

नावाच्या पुढं जातच नाही?

आधी सक्तीनं बंद-चालू करा. अँड्रॉइडवर बहुधा पॉवर आणि आवाज कमी करण्याचं बटण एकदम वीसेक सेकंद दाबून धरावं लागतं. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या फोनांवर आवाज वाढवण्याचं बटण एकदा दाबून सोडा, कमी करण्याचं दाबून सोडा, मग सफरचंदाची खूण दिसेपर्यंत बाजूचं बटण धरून ठेवा. यात काही पुसलं जात नाही.

आता खरी जपण्याची जागा आली. अँड्रॉइड फोन बऱ्याचदा अडखळला की पडद्यावर इंग्रजीत एक पाटी येते, 'अँड्रॉइड सिस्टिम लोड होत नाही' अशा अर्थाची. खाली दोन पर्याय असतात : 'ट्राय अगेन' आणि 'फॅक्टरी डेटा रीसेट'. घाईघाईत दुसरा दाबू नका. 'ट्राय अगेन' दोन-चारदा करून बघा.

काही फोनांत 'वाइप कॅशे पार्टिशन' असाही पर्याय असतो. त्यानं फक्त तात्पुरत्या फाइली जातात, फोटो-निरोप राहतात. पण त्याच्या शेजारीच 'वाइप डेटा' असतो, आणि तो सगळं धुऊन नेतो. मीठ आणि साखरेचे डबे शेजारी ठेवावेत, तशी ही नावं! वाचून, पुन्हा वाचून मगच निवडा. आयफोन संगणकाला जोडून रिकव्हरीत घेतला तर 'अपडेट' निवडायचं, 'रिस्टोअर' नाही. 'अपडेट'मध्ये व्यवस्था नवी बसते आणि सामान जागच्या जागी राहतं.

दोष बॅटरीचा असेल तर?

फोन तीन-चार वर्षांचा असेल आणि बॅटरी वीस-तीस टक्के दाखवत असतानाच तो बंद पडत असेल, तर बॅटरीवर संशय घ्या. म्हातारी बॅटरी एकदम जास्त वीज देऊ शकत नाही. अपडेटनंतर फोनला काम जास्त पडतं, म्हणून दोष तेव्हाच उघडा पडतो. जुन्या बॅटरीचे आयफोन असे अचानक बंद पडू नयेत म्हणून आपण त्यांचा वेग कमी केला होता, हे अ‍ॅपलनंच २०१७ साली मान्य केलं. मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर मात्र चार्जिंग लगेच थांबवा, दाबू नका, टोचू नका. फोन तसाच सेवा केंद्रात न्या.

दुकानात देताना

सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. सिम दुसऱ्या फोनात घातलं की निदान फोन आणि बँकेचे संदेश सुरू होतात. बँकेतल्या पैशांची काळजी नको. ते बँकेत असतात, फोनमध्ये नव्हे.

पहिलं वाक्य हेच बोला : "यातलं काही न पुसता सॉफ्टवेअर पुन्हा टाकता येईल का?" काही फोनांत ते जमतं. आणि मला विचारल्याशिवाय रीसेट करू नका, हे पावतीवर लिहून घ्या. फोन उघडत असेल तर सॅमसंगच्या नव्या फोनांतला 'मेंटेनन्स मोड' चालू करून द्या. त्यात दुरुस्ती करणाऱ्याला आपले फोटो आणि निरोप दिसत नाहीत. यूपीआयचा पिन कोणालाही सांगायचा नाही.

सेवा केंद्राचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथं भामट्यांचे नंबर असतात. खोक्यावरचा किंवा बिलावरचा नंबर घ्या. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच कळवा. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

पुसायचंच ठरलं तर

सारे उपाय थकले तर रीसेट करावाच लागतो. पण त्याआधी गुगल खात्याचा ईमेल आणि पासवर्ड हाताशी हवा. रीसेटनंतर बरेच फोन जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतात. तो नसेल तर फोन उघडत नाही. चोरीचा फोन कोणाला वापरता येऊ नये म्हणून ही तजवीज आहे, पण तिच्यात मालकीणच अडकते. कारण खातं भाच्यानं नाहीतर दुकानदारानं उघडून दिलेलं, आणि पासवर्ड कोणालाच आठवत नाही!

या आठवड्यात एवढं कराच

• गुगल खात्याचा ईमेल आणि पासवर्ड स्वतः वहीत लिहा. वही दागिन्यांच्या कपाटात ठेवा.
• 'गुगल फोटोज' आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप चालू आहे का, शेवटचा कधी झाला, ते बघा.
• फार मोलाचे फोटो आणि आवाज पेनड्राइव्हवरही उतरवून ठेवा.
• दहा-पंधरा महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावा.
• मोठं अपडेट लगेच घेऊ नका, आठ दिवस थांबा. तोवर इतरांचे फोन बिघडल्याची बातमी आली तर कळेल. पण अपडेट कायमचं टाळूही नका. फोनची सुरक्षा त्यातच असते.
• अपडेट सुट्टीच्या दिवशी सकाळी घ्या, बॅटरी निम्म्याहून जास्त असताना. परीक्षेच्या, प्रवासाच्या किंवा घरच्या कार्याच्या आदल्या रात्री तर मुळीच नको.