प्रक्रियानाम, संगणकीय
संगणकात कार्यरत असलेल्या आज्ञावलीस प्रक्रिया म्हणतात आणि चालू प्रक्रियांच्या यादीत तिच्यापुढे जे नाव दिसते, ते प्रक्रियानाम होय. एकाच प्रक्रियेत समांतर चालणाऱ्या कामांच्या प्रत्येक धाग्यास थ्रेड म्हणतात. त्यालाही स्वतंत्र नाव देता येते. परिचालन प्रणाली मात्र प्रक्रियेला तिच्या क्रमांकाने ओळखते. नाव हे मुख्यत्वे माणसाच्या सोयीसाठी असून ते प्रक्रियेला स्वतःच बदलता येते.

लिनक्स प्रणालीत प्रक्रियेची नावे दोन ठिकाणी असतात. पहिले आखूड नाव प्रणालीच्या गाभ्यात नोंदलेले असते. त्यासाठी १६ बाइटांची जागा असून शेवटचा बाइट समाप्तिदर्शक असल्याने प्रत्यक्ष नावास १५ बाइट उरतात. दुसरे म्हणजे आज्ञावली सुरू करताना दिलेली संपूर्ण आज्ञापंक्ती. ती प्रक्रियेच्या स्वतःच्या स्मृतीत असते व प्रक्रिया तीवर नवा मजकूर लिहू शकते. ‘टॉप’ ही आज्ञा सामान्यतः पहिले नाव दाखविते, तर ‘पीएस’ या आज्ञेच्या विस्तृत रूपात दुसरे दिसते. त्यामुळे एकाच प्रक्रियेची दोन याद्यांत दोन नावे आढळू शकतात.

गाभ्यातील नाव बदलण्याची सोय ‘पीआरसीटीएल’ या आवाहनाद्वारे लिनक्सच्या २·६·९ या आवृत्तीत (२००४) आली. थ्रेडांना नाव देणारे स्वतंत्र फलन ग्नू सी ग्रंथालयाच्या २·१२ या आवृत्तीत (२०१०) उपलब्ध झाले. बीएसडी प्रणालींत ‘सेटप्रॉकटायटल’ हे फलन आज्ञापंक्तीच्या जागी नवे शीर्षक दाखविते. विंडोज १० मध्ये २०१६ पासून थ्रेडास वर्णन जोडता येते. त्यास १५ बाइटांची मर्यादा नाही.

ही मर्यादा देवनागरी नावांना विशेष जाचते. यूटीएफ-८ संकेतनात रोमन अक्षरास एक, तर देवनागरीतील प्रत्येक वर्णास व मात्रेस तीन बाइट लागतात. म्हणजे नावात पाचच चिन्हे मावतात. ‘मराठी’ हे नाव नेमके १५ बाइटांचे असल्याने बसते. गोंदिया जिल्ह्यातील ‘दरेकसा’ या गावाचे नाव मात्र सहा चिन्हांचे, म्हणजे १८ बाइटांचे आहे. ‘पीआरसीटीएल’ ते कोणतीही सूचना न देता तोडते व यादीत ‘दरेकस’ एवढेच उरते. ग्रंथालयाचे फलन ते नाकारून त्रुटी कळविते. नावाच्या आरंभी एका बाइटाचे जोडचिन्ह असल्यास तोड एखाद्या वर्णाच्या मधोमध पडून निरर्थक चिन्ह उमटते. रोमन लिपीत तेच गावनाम आठ बाइटांत मावते.

नाव बदलण्याचे उपयोग व्यावहारिक आहेत. पोस्टग्रेस या विदागार प्रणालीत प्रत्येक जोडणीच्या प्रक्रियानामातच वापरकर्ता, विदागार व चालू क्रिया दिसते. शेकडो थ्रेड असलेल्या आज्ञावलीत कोणता थ्रेड प्रक्रियकाचा वेळ खात आहे, हे नावांवरून चटकन कळते. एरवी सर्वांचे नाव एकच असते, कारण नवा थ्रेड जनक थ्रेडाचेच नाव घेतो.

याच सोयीचा दुरुपयोगही होतो. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस कृमीने स्वतःस ‘एसएच’ हे युनिक्समधील नेहमीच्या आज्ञाकवचाचे नाव देऊन यादीत दडण्याचा प्रयत्न केला. गाभ्याच्या स्वतःच्या थ्रेडांना आज्ञापंक्ती नसल्याने त्यांची नावे चौकटी कंसांत दिसतात; काही उपद्रवी आज्ञावल्या तशाच कंसांतील नाव धारण करतात.

म्हणून प्रक्रियानाम हा ओळखीचा पुरावा मानता येत नाही. संशय आल्यास प्रक्रियेचा क्रमांक, तिची आरंभवेळ आणि ती ज्या फाइलीतून सुरू झाली तिचा मार्ग तपासावा लागतो. लिनक्समध्ये हा मार्ग ‘प्रॉक’ निर्देशिकेतील ‘एक्झी’ या दुव्यावरून मिळतो. केवळ क्रमांकही पुरेसा नसतो, कारण प्रक्रिया संपल्यावर तोच क्रमांक कालांतराने दुसऱ्या प्रक्रियेला दिला जातो. नाव पाहून एखादी प्रक्रिया बंद करण्यापूर्वी ही पडताळणी न केल्यास भलतेच काम थांबण्याचा धोका असतो.