तिकिटाआधी नकाशा

मुलगा लंडनजवळ रेडिंगला, मुलगी न्यू जर्सीत आणि आई-वडील पुण्यात किंवा ठाण्यात, नुकतेच निवृत्त झालेले. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतलं हे आजचं चित्र आहे. कधीतरी जेवताना विषय निघतो, ‘एकदा दोघांकडेही जाऊन येऊ, मध्ये पॅरिस-रोमही पाहून घेऊ.’ चार महिन्यांचा बेत ठरतो. मग मोबाइलवर मुंबई ते लंडन, लंडन ते पॅरिस, रोम ते न्यूयॉर्क, न्यूयॉर्क ते मुंबई अशी एकेक तिकिटं शोधली जातात. त्यांची बेरीज पाहून बेत गणपतीनंतर, मग दिवाळीनंतर, मग पुढच्या वर्षी असा ढकलला जातो.

पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘स्वस्त साइट कुठली?’ असा असतो. माझ्या मते तो बराच नंतरचा प्रश्न आहे. बऱ्याच देशांच्या लांब प्रवासात खर्च ठरतो तो तुम्ही कुठून आत शिरता, कुठून बाहेर पडता आणि कुठले टप्पे एकाच तिकिटात बांधता यावर. हे ठरवलं नसेल, तर जगातली कुठलीही साइट आपल्याला फक्त चुकीच्या प्रवासाचं स्वस्त तिकीट दाखवेल.

आधी भाडं बांधलं कसं जातं ते पाहू. एअर इंडिया, लुफ्थान्सा, एमिरेट्स यांसारख्या पूर्ण सेवा देणाऱ्या कंपन्यांचे लांबच्या मार्गांवरचे चांगले दर अजूनही जाण्या-येण्याच्या तिकिटात असतात. एकेरी तिकीट घेतलं, तर ते परतीच्या तिकिटाच्या निम्म्याहून बरंच जास्त पडतं, काही वेळा तर संपूर्ण परतीच्या तिकिटाच्या आसपास जातं. पण जिथे उतरलो तिथूनच परत निघायला हवं, असा नियम नाही. मुंबईहून लंडनला जायचं आणि न्यूयॉर्कहून मुंबईला यायचं, हे एकाच तिकिटात बसतं. या क्षेत्रात त्याला ‘ओपन जॉ’ म्हणतात. त्यात साधारणपणे लंडनच्या परतीच्या भाड्याचा अर्धा भाग आणि न्यूयॉर्कच्या परतीच्या भाड्याचा अर्धा भाग धरला जातो. शोधताना ‘वन वे’ किंवा ‘राउंड ट्रिप’ सोडून ‘मल्टी सिटी’ निवडायचं, एवढंच. मधला लंडन ते अमेरिका हा टप्पा आपला आपण वेगळा घ्यायचा. तोही त्याच तिकिटात घालून एकदा दर पाहावा. कधी फरक किरकोळ असतो, कधी भाडं एकदम उडी मारतं.

विमानातली इकॉनॉमीची आसनं दिसायला सारखी असली, तरी कंपनीच्या हिशेबात ती एकाच दराची नसतात. त्यांचे दहा-बारा गट पाडलेले असतात, प्रत्येक गटाला एक अक्षर, वेगळा दर आणि रद्द करण्याचे वेगळे नियम. स्वस्त गटातल्या जागा आधी संपतात. यातून एक गोष्ट घडते, ती कुटुंबाने प्रवास करणाऱ्यांनी पक्की लक्षात ठेवावी. स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चार जणांसाठी शोध घेतला, तर यंत्रणा चौघांनाही पुढच्या महाग गटाचा दर दाखवते. म्हणून आधी एका प्रवाशाचा दर पाहावा, मग दोघांचा, मग चौघांचा. आकडा मध्येच वाढला, तर दोन-दोनची वेगळी बुकिंग करता येतात. मात्र एका बुकिंगचं विमान पुढे-मागे झालं तर दुसऱ्याचं आपोआप बदलणार नाही, ही जाणीव ठेवून.

आता मार्गाचा क्रम. आधी ब्रिटन की आधी अमेरिका, हा प्रश्न घरात बहुतेक ‘कोणाला सुट्टी कधी आहे’ यावर सुटतो. त्याला पैशाचीही बाजू आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. ब्रिटन आपल्या विमानतळांवरून निघणाऱ्या प्रवाशांकडून १९९४पासून ‘एअर पॅसेंजर ड्यूटी’ नावाचा कर घेतं. तो तिकिटाच्या किमतीतच मिसळलेला असतो, त्यामुळे वेगळा जाणवत नाही. लंडनपासून, जिथे जायचं त्या देशाची राजधानी किती मैलांवर आहे, यावर तो ठरतो. दोन हजार मैलांच्या आतल्या देशांसाठी कमी आणि त्यापलीकडच्या देशांसाठी एकदम जास्त. एप्रिल २०२६पासून इकॉनॉमीच्या प्रवाशाला युरोपात जाण्यासाठी १५ पौंड आणि भारतात किंवा अमेरिकेत जाण्यासाठी १०२ पौंड भरावे लागतात. दोघांचे २०४ पौंड झाले. कर फक्त निघताना लागतो, ब्रिटनमध्ये येताना नाही. इकॉनॉमीतल्या सोळा वर्षांखालील मुलांना तो माफ आहे.

म्हणजे ब्रिटनमध्ये लांबून यावं आणि तिथून जवळच्या देशात निघावं, हे फायद्याचं. इथे आयर्लंड कामाला येतं. आयर्लंडने २०१४मध्ये आपला विमानप्रवास कर शून्यावर आणला. लंडनहून डब्लिनचं छोटं तिकीट घ्यायचं, दोन-तीन दिवस ते सुंदर शहर पाहायचं आणि तिथून वेगळ्या तिकिटाने अटलांटिक ओलांडायचा. दोन टप्पे एकाच तिकिटात घेऊन डब्लिनमध्ये २४ तासांच्या आत विमान बदललं, तर मात्र ब्रिटन अंतिम मुक्काम अमेरिका धरून मोठाच कर लावतं. म्हणून तिथे राहायचं. राहण्याचा खर्च धरता बचत उरतेच असं नाही, पण तेवढ्याच पैशांत एक देश जास्त पाहून होतो.

डब्लिनचा आणखी एक गुण मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेचे इमिग्रेशन आणि कस्टम्सचे अधिकारी डब्लिन आणि शॅनन या विमानतळांवरच तपासणी करतात. पासपोर्टची सगळी चौकशी विमानात बसण्याआधीच होते आणि अमेरिकेत आपण देशांतर्गत प्रवाशासारखे उतरतो. सात-आठ तास बसून पाय सुजलेल्या माणसाला न्यूयॉर्कच्या रांगेत पुन्हा तासभर उभं राहावं लागत नाही. व्हिसाचं काय? ब्रिटन आणि आयर्लंडची एक संयुक्त योजना भारतीय नागरिकांना लागू आहे. ब्रिटनच्या व्हिसावर त्या योजनेची नोंद असेल तर त्याच व्हिसावर आयर्लंडला जाता येतं. अट अशी, की ज्या देशाने व्हिसा दिला त्या देशात आधी उतरलेलं असलं पाहिजे. आपला क्रम आधी लंडन आणि मग डब्लिन असा असल्याने ती अट आपसूक पाळली जाते. व्हिसा हातात आला, की ती नोंद आहे ना, हे तिकिटाआधी पाहावं.

युरोपच्या फेरीसाठी मी लंडनचं घर तळ म्हणून वापरावं, असंच सांगेन. कारण सामान. भारतातून निघालेल्या आई-वडिलांच्या बॅगांत भाजणी, मेतकूट, लोणचं, नातवंडांचे कपडे असा २३ किलोंचा एकेक डाग असतो. रायनएअर, इझीजेट यांसारख्या स्वस्त कंपन्यांच्या मूळ भाड्यात अशा बॅगेला जागाच नसते. रायनएअरच्या सर्वांत स्वस्त तिकिटात ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटरची, आसनाखाली मावेल एवढीच पिशवी चालते. तिकीट दिसतं तीस युरोंचं आणि मोठी बॅग, आसनाची निवड असं जोडत गेलं की ते दुपटी-तिपटीवर जातं. मोठ्या बॅगा रेडिंगला ठेवून पाठीवरच्या पिशवीत आठ-दहा दिवसांचे कपडे घेऊन युरोप फिरलं, तर ही कटकट संपते.

विमानतळ कुठे आहे, तेही बघा. ‘पॅरिस बोव्हे’ असं तिकिटावर लिहिलेलं विमानतळ पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. जाहिरातीतला ‘फ्रँकफर्ट हान’ तर फ्रँकफर्टपासून जवळजवळ सव्वाशे किलोमीटर दूर. बसचं भाडं आणि पहाटे चारला उठून गाठायची टॅक्सी हिशेबात धरली, की लंडनहून पॅरिसला जाणारी युरोस्टार रेल्वे बरेचदा बरी ठरते. ती शहराच्या मध्यातून शहराच्या मध्यात नेते आणि तिला तो हवाई कर लागत नाही. रायनएअरने आता बोर्डिंग पास फक्त मोबाइलवर ठेवलाय. युरोपीय संघाबाहेरचा पासपोर्ट असलेल्यांनी विमानतळावर कागदपत्रं तपासून घ्यायची असतात, त्यासाठी वेळ राखून जावं. शेंगेन क्षेत्राच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं अशा युरोपातल्या २९ देशांच्या सीमेवर ऑक्टोबर २०२५पासून बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेणारी नवी नोंदणी सुरू झाली आहे, तिथेही रांगेची तयारी हवी.

शेंगेनचा व्हिसा भारतातूनच काढून निघायचं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. आत येऊन बाहेर पडून पुन्हा आत यायचं असेल, तर एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा मागावा. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस ही मर्यादा सगळ्या २९ देशांची मिळून आहे, प्रत्येकाची वेगळी नाही.

आता सर्वांत नाजूक भाग, म्हणजे वेगवेगळी तिकिटं जोडणं. स्वस्तातली कितीतरी जोडतिकिटं खरं तर दोन कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटं असतात. साइट ती एकत्र दाखवते एवढंच. पहिलं विमान तीन तास उशिरा आलं आणि दुसरं सुटलं, तर दुसऱ्या कंपनीची काहीही जबाबदारी नसते. मध्ये सामान घ्यायला बाहेर पडावं लागतं, म्हणजे त्या देशाचा व्हिसा लागतो. अमेरिकेत तर एका तिकिटावरही सुटका नाही. तिथे व्हिसाशिवाय नुसतं विमान बदलता येत नाही, आणि डब्लिनसारखी तपासणी आधीच झालेली नसेल, तर पहिल्या विमानतळावर इमिग्रेशनमधून जाऊन सामान घ्यावं लागतं. मुंबई ते टोरंटो असं स्वस्त तिकीट न्यूअर्कमार्गे दिसलं आणि जवळ फक्त कॅनडाचा व्हिसा असला, तर ते तिकीट आपलं नाही.

एकच तिकीट का हवं, ते एका घटनेवरून कळतं. २३ जून २०२५च्या रात्री इराणच्या हल्ल्याच्या वेळी कतारने आपलं आकाश काही तासांसाठी बंद केलं. दोह्याकडे निघालेली विमानं वाटेतून दुसरीकडे वळली. ज्यांचा प्रवास आरंभापासून अंतापर्यंत एका तिकिटात होता, त्यांना पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम होतं. दोह्यापर्यंत एक आणि दोह्यापुढे दुसऱ्याच कंपनीचं तिकीट असेल, तर पुढच्या प्रवासाचे पैसे नव्याने भरायची वेळ येते. म्हणून माझं मत ठाम आहे. मुंबईहून पहिली लांब उडी आणि मुंबईकडची शेवटची लांब उडी एकाच तिकिटात घ्यावी, आणि काटकसरीचे प्रयोग मधल्या छोट्या टप्प्यांवर करावेत, जिथे दोन विमानांमध्ये एक-दोन रात्री असतात.

एका तिकिटाची एक कडक अटही आहे. त्यातला कुठलाही टप्पा न सांगता सोडला, तर त्यापुढचे सगळे टप्पे रद्द होतात. मुलाने आग्रह केला म्हणून वाटेतच उतरून राहिलात, तर परतीचं तिकीट हातात असूनही ते उपयोगाचं नसतं.

ज्यांची मुलं तीन खंडांत आहेत, समजा लंडन, कॅलिफोर्निया आणि सिडनी, त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणेचं तिकीट पाहावं. वनवर्ल्ड या विमान कंपन्यांच्या गटाच्या अशा एका तिकिटाचं भाडं किती खंडांना स्पर्श केला यावर ठरतं. त्यात एका वर्षापर्यंत आणि सोळा उड्डाणांपर्यंत फिरता येतं. दिशा मात्र पूर्व किंवा पश्चिम एकच धरावी लागते आणि सुरुवात झाली त्याच देशात प्रवास संपवावा लागतो. सुरुवात कुठल्या देशातून केली यावर त्याचं भाडं बरंच बदलतं. दोनच घरांना भेट द्यायची असेल, तर हे तिकीट गरजेपेक्षा मोठं आहे.

तारखांच्या बाबतीत ‘मंगळवारी तिकीट स्वस्त’ यासारख्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. गर्दी कुठल्या दिशेला चालली आहे, हे पाहणं जास्त उपयोगाचं. महाराष्ट्रातल्या शाळांना सुट्ट्या लागण्याआधी, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात निघावं. अटलांटिक जून-जुलैत ओलांडणं महाग, म्हणून तो मेच्या मध्यापर्यंत पार करावा. ऑगस्टमध्ये आपले विद्यार्थी अमेरिकेला निघतात आणि सुट्टीला भारतात आलेले तिकडचे लोकही परततात, म्हणजे गर्दी पश्चिमेकडे असते. त्याच सुमारास आपण पूर्वेकडे यायचं. गणपतीला घरी पोहोचायचं असेल तर ते जमूनही जातं. अमेरिकेला जाणारं किंवा तिथून निघणारं तिकीट थेट विमान कंपनीकडे, प्रवासाच्या निदान सात दिवस आधी काढलं, तर तिथल्या नियमानुसार कंपनीला एक सवलत द्यावी लागते. एकतर ते २४ तासांत फुकट रद्द करू द्यायचं किंवा पैसे न घेता तेवढा वेळ राखून ठेवायचं. घरच्यांशी बोलायला तेवढा वेळ पुरतो. परदेशी साइटवर डॉलर-युरोत पैसे भरताना बहुतेक कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के अधिभार लागतो, तो बेरजेत धरावा.

बुकिंगचा क्रम व्हिसाच्या अडचणीनुसार लावावा. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख सर्वांत उशिरा मिळते, म्हणून तो आधी. मग ब्रिटन, मग शेंगेन. मुंबईचं मोठं तिकीट अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर लागल्यानंतरच काढावं. डब्लिनचं आणि अटलांटिकचं तिकीट त्यानंतर, आणि युरोपातली छोटी तिकिटं सर्वांत शेवटी. परतीचं विमान निवडताना सत्तरी गाठलेल्या माणसासाठी मी एकच थांबा असलेलं, निदान तीन तासांच्या मोकळीकीचं विमान घेईन, भाडं थोडं जास्त असलं तरी. व्हीलचेअर हवी असेल तर ती बुकिंग करतानाच मागून ठेवावी. ती मागणी तिकिटाबरोबर पुढच्या विमानतळावर जाते, आणि तिथे विमानाच्या दारात माणूस खुर्ची घेऊन उभा असतो.