विश्लेषण : तीनशे कोटी अक्षरांतले एक अक्षर क्षणात कसे सापडते?

मानवी जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. त्यांपैकी अकराव्या गुणसूत्रावरील एचबीबी जनुकातले एक ठरावीक अक्षर बदललेले असेल आणि तो बदल आई व वडील दोघांकडून आलेला असेल, तर सिकलसेल आजार होतो. विदर्भ आणि नंदुरबारमधील अनेक कुटुंबांना हा आजार परिचित आहे. तिथली तपासणी रक्ताच्या साध्या चाचण्यांनी होते. पण संपूर्ण जनुकसंच वाचलेला असेल, तर एवढ्या मोठ्या फाइलमधून ते एक अक्षर शोधायचे कसे? हे काम सॅमटूल्स आणि टॅबिक्स ही मोफत साधने करतात. त्यांना बटणे नाहीत, चित्रे नाहीत. काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा टंकायची आणि उत्तर वाचायचे.

फाइल एवढी मोठी का?

क्रमनिर्धारण करणारे यंत्र जनुकसंच सलग वाचत नाही. साधारण दीडशे अक्षरांचे तुकडे ते वाचते आणि प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचली जावी अशी अपेक्षा असते. प्रत्येक अक्षरासोबत ते किती खात्रीने वाचले, याचाही आकडा नोंदवला जातो. हे सर्व ‘बॅम’ फाइलमध्ये साठते आणि एका व्यक्तीची फाइल शंभर जीबीच्या घरात जाऊ शकते. त्यातून पुढे ‘व्हीसीएफ’ ही यादी तयार होते. तिच्यात संदर्भ जनुकसंचापेक्षा वेगळ्या असलेल्या जागाच नोंदवतात. एका व्यक्तीच्या बाबतीत अशा जागा ४० ते ५० लाख भरतात.

मग शोध इतका जलद कसा होतो?

साधी दाबलेली फाइल मधूनच उघडता येत नाही, सुरुवातीपासून उलगडत जावे लागते. म्हणून इथे ‘बीजीझिप’ वापरतात. ते फाइल सलग न दाबता जास्तीत जास्त ६४ केबीचे छोटे गठ्ठे करून दाबते, त्यामुळे कोणताही गठ्ठा स्वतंत्रपणे सोडता येतो. त्याआधी सर्व ओळी गुणसूत्र आणि जागेच्या क्रमाने लावलेल्या असाव्या लागतात. त्यानंतर अनुक्रमणिकेची छोटी फाइल तयार होते. तिच्यात गुणसूत्राचे एकात एक बसणारे कप्पे असतात. सर्वांत मोठा ५१ कोटी अक्षरांहून अधिक, सर्वांत लहान सुमारे १६ हजार अक्षरांचा. कोणत्या कप्प्यातली माहिती कोणत्या गठ्ठ्यात आहे, एवढेच तिथे लिहिलेले असते. टॅबिक्सला फाइलचे नाव आणि ‘११:५२२७००२-५२२७००२’ एवढे सांगितले की ते अनुक्रमणिका पाहते, नेमके गठ्ठे सोडते आणि ती ओळ समोर ठेवते. फाइल दूरच्या सर्व्हरवर असली तरी अनुक्रमणिका आणि तेवढेच गठ्ठे उतरवून घेतले जातात.

सॅमटूल्सची ओळख करून देणारा शोधनिबंध २००९ मध्ये आणि टॅबिक्सचा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हींमागे हेंग ली या संशोधकाचे नाव प्रामुख्याने येते.

काहीच सापडले नाही, तर बदल नाही असे समजायचे का?

नाही, आणि खरा धोका इथेच आहे. काही फाइलींत गुणसूत्राचे नाव नुसते ‘११’ असते, काहींत ‘सीएचआर११’. चुकीचे नाव दिले तर सॅमटूल्स सहसा तक्रार करते. टॅबिक्स मात्र अनेकदा मुकाट रिकामा पडदा दाखवते. घाईत असलेला माणूस त्याचा अर्थ ‘बदल नाही’ असा लावून मोकळा होतो.

दुसरी गफलत आवृत्तीची. सिकलसेलची जागा २०१३ च्या संदर्भ जनुकसंचात ५२,२७,००२ आहे. २००९ च्या आवृत्तीत तीच ५२,४८,२३२ होती. जुन्या सर्व्हे नंबरवरून नव्या गट नंबरच्या नोंदवहीत जमीन शोधावी, तसा हा प्रकार. नंबर अस्तित्वात असतो, पण जमीन दुसऱ्याची निघते. जुन्या आणि नव्या दोन्ही आवृत्त्या आजही वापरात आहेत, त्यामुळे प्रयोगशाळेच्या अहवालावर आवृत्तीचा उल्लेख असणे ही औपचारिकता नव्हे.

आणि नाव व आवृत्ती दोन्ही बरोबर असूनही ओळ आली नाही तर? व्हीसीएफमध्ये फक्त फरक असतात. ओळ नसणे म्हणजे अक्षर नेहमीचेच आहे, किंवा यंत्राने ती जागा नीट वाचलीच नाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो व्हीसीएफमधून कळत नाही. त्यासाठी मूळ बॅमकडे जाऊन ती जागा किती वेळा वाचली गेली ते पाहावे लागते. सॅमटूल्समध्ये त्यासाठी ‘डेप्थ’ ही आज्ञा आहे. शून्य आले, तर अहवालात ‘वाचता आले नाही’ असेच लिहायला हवे.

जाता जाता आणखी एक गोष्ट. पाठ्यपुस्तकात सिकलसेलचा बदल ‘ए’चा ‘टी’ असा शिकवतात, फाइलमध्ये मात्र ‘टी’चा ‘ए’ दिसतो. एचबीबी हे जनुक उलट्या धाग्यावर आहे आणि फाइल नेहमी सरळ धाग्याची भाषा बोलते. पहिल्यांदा पाहणारा हमखास गोंधळतो.

गव्हाची अडचण काय होती?

वर सांगितलेल्या सर्वांत मोठ्या कप्प्याबाहेर जुनी अनुक्रमणिका जात नाही. माणसाला ते पुरते, कारण आपले सर्वांत लांब गुणसूत्रही त्याच्या निम्म्याहून कमी आहे. गव्हाचे ‘३बी’ हे गुणसूत्र मात्र ८० कोटींपुढे जाते. त्यामुळे गव्हाची गुणसूत्रे दोन भागांत तोडून ठेवलेली आवृत्तीही संशोधकांना वापरावी लागली. ‘सीएसआय’ ही नवी अनुक्रमणिका आल्यावर ती मर्यादा सुटली. पण टॅबिक्स आपणहून अजूनही जुनीच अनुक्रमणिका बनवते. नवी हवी तर आज्ञेत तसे सांगावे लागते.

आपल्याला यात काय पाहता येते?

‘१००० जीनोम’ प्रकल्पाची माहिती खुली आहे. घरचा लॅपटॉप आणि बेताचे इंटरनेट असले तरी सिकलसेलची जागा विचारता येते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अंतिम टप्प्यात २,५०४ व्यक्ती आहेत. दक्षिण आशियाचे पाच गट आहेत : ह्यूस्टनमधील गुजराती, ब्रिटनमधील तेलुगू आणि तमिळ, लाहोरचे पंजाबी आणि बांगलादेशातील बंगाली. मराठी गट नाही. त्यामुळे विदर्भातल्या प्रश्नाला या फाइलींतून मिळणारे उत्तर विदर्भाचे नसते. भारतातील सुमारे दहा हजार व्यक्तींचा ‘जीनोमइंडिया’ संच जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी उपलब्ध झाला. तो फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात आहे आणि तिथे मात्र आधी रीतसर अर्ज करावा लागतो.