दहाच्या आत वग

तमाशाच्या फडाचा ट्रक बारामती-इंदापूर रस्ता सोडून लासुर्णे गावात वळला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आषाढात याच रस्त्याने तुकोबांची पालखी जाते. बेलवाडीचं रिंगण आटोपलं की वारकरी लासुर्ण्यावरून अंथुर्ण्याच्या मुक्कामाला निघतात. चैत्रात उसाच्या ट्रॉल्याही विरळ झालेल्या असतात आणि गावाला यात्रेशिवाय दुसरं काही सुचत नाही.

बिगाऱ्यांनी तासाभरात लोखंडी पाइप जोडून, फळ्या टाकून स्टेज उभं केलं. मागे एक राहुटी. तिच्या दाराशी ढोलकीवाल्याशेजारी मला बसायला पत्र्याची पेटी मिळाली. लोक तमाशा पुढून बघतात. मला तो मागून, काम म्हणून बघायचा होता.

हलगीवाल्याने वर्तमानपत्राचा कागद पेटवला आणि हलगीचं तोंड त्यावर फिरवलं. कातडं तापलं, आवाज कोरडा झाला. ढोलकीवाला कान लावून शाईवर बोट टिचकवत होता. सोंगाड्या कोपऱ्यात भाकरी खात होता, अंगात बनियन आणि कपाळावर आधीच गंध. हाच माणूस गवळणीत पेंद्या, बतावणीत गावचा चहाटळ आणि वगात हवालदार होणार होता. मावशी अर्थात पुरुषच. लुगड्याच्या निऱ्या करता करता तो मॅनेजरशी राहिलेल्या सुपारीच्या पैशांवरून वाद घालत होता.

गण झाला, गवळण सुरू झाली. गवळणी जरीच्या शालूत आणि अंगभर दागिन्यांत. त्यांना बघायला शेजारच्या गच्चीवर बायका बसल्या होत्या, त्यातल्या निम्म्या तरी नुकत्या म्हशीची धार काढून आलेल्या. खऱ्या गवळणी वर, शालूतल्या खाली. पॅरिसमध्ये १७५३ साली याच्या नेमकं उलटं घडलं होतं. झुस्तीन फाव्हार ही गायिका खेड्यातल्या मुलीचं सोंग घेऊन आली ती साध्या लोकरी झग्यात, उघड्या हातांनी आणि पायात लाकडी जोडे घालून. रेशमातल्या शेतकरणी बघायची सवय झालेल्या शहराला ते नवं होतं. लासुर्ण्यात लाकडी जोड्यांची सोय नाही. इथल्या प्रेक्षकाला साधेपणा घरीच भरपूर असतो.

मुख्य गायिकेच्या पायात चाळ होते. नाचून दम लागलेला असताना सूर धरायचा, हे तिचं काम. ते कसं जमतं ते मागून बघितल्यावर कळलं. ओळीचा शेवट आला की तुणतुणंवाला आणि झांजवाला तो उचलतात, वरच्या पट्टीत लांबवतात आणि तेवढ्यात ती पाठ फिरवून श्वास घेते. झील ही गाण्याची शोभा असते असं मी इतकी वर्षं समजत होतो. ती श्वासाची सोय आहे.

विनोदाचंही असंच. सोंगाड्याची नजर प्रेक्षकांवर कमी आणि ढोलकीवाल्याच्या हातावर जास्त होती. शेवटचा शब्द टाकला की अर्धा क्षण थांबायचं, मग थाप. मध्यंतरी मी ढोलकीवाल्याला विचारलं, थाप लगेच का देत नाही?

“लगीच दिली तर हसू आत ऱ्हातं,” तो म्हणाला. “लोकांनी हसायला तोंड उघडलं की द्यायची.”

खरी गडबड पुढे झाली. यात्रेत छबिना आणि सत्कार, दोन्ही घड्याळाला जुमानत नाहीत. सत्कारात नारळ आणि फेटे संपेनात. बतावणी आणि रंगबाजी आवरून वगाला वेळ आली तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायला सांगतात; काही सणांना सरकार बारापर्यंत सूट देतं, या रात्रीला ती नव्हती. पूर्वी पहाटेपर्यंत चालणारा वग चाळीस मिनिटांत बसवायचा होता.

राहुटीत बैठक झाली, जेमतेम दोन मिनिटांची. कागद नाही, संहिता नाही. सोंगाड्या बोटं मोडत म्हणाला, “दरबार काढा. राजा नको. हवालदार ऱ्हाऊ द्या.” गायिका म्हणाली, “माझी दोन गाणी काढू नका, दादा.” एक काढलं.

राजा काढून हवालदार ठेवणाऱ्या माणसाला आपला धंदा पक्का माहीत असतो. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी ‘जहरी प्याला’ वगातल्या हवालदारांच्या जोडीवर वर्षानुवर्षं महाराष्ट्र हसवला. तिथला राजा कोण, हे आठवायला मला थांबावं लागतं.

आपल्या तमाशासारखंच फ्रेंचांचं विनोदी संगीत नाटक, ज्याला ते ऑपेरा-कॉमिक म्हणतात, तेही जत्रेतलंच. पॅरिसला साँ-जेर्मेंची जत्रा फेब्रुवारीपासून ईस्टरच्या आसपासपर्यंत चाले, म्हणजे साधारण आपल्या फडांच्याच हंगामात. पण फ्रेंच संवादांचा मक्ता कॉमेदी-फ्राँसेझ या सरकारी नाटक मंडळीकडे आणि गाण्याचा ऑपेराकडे. जत्रेतल्या नटांना बोलायला बंदी आली तेव्हा, १७१० च्या सुमारास, त्यांनी पदं फलकांवर लिहिली. फलक वरून खाली सोडत, चाल लोकांच्या ओळखीची असे, आणि प्रेक्षकच गात. पुढे ऑपेराला पैसे भरून गाण्याची परवानगी मिळाली, गाण्यांच्या मध्ये संवाद आले आणि १७१५ च्या सुमारास या प्रकाराला नाव मिळालं. बंदीतून वाट काढता काढता एक नाट्यप्रकार तयार झाला.

फ्रेंच विनोद मराठी रंगभूमीवर आला तो मात्र जत्रेच्या वाटेने नव्हे. मोलिएरच्या १६६० सालच्या नाटकातला संशयी नवरा आर्थर मर्फीच्या इंग्रजीतून फिरत गोविंद बल्लाळ देवलांकडे पोचला, १८९३ साली ‘फाल्गुनराव’ झाला आणि १९१६ साली पदं घालून गंधर्व मंडळीने त्याचं ‘संगीत संशयकल्लोळ’ केलं. गाणं थांबलं की बोलणं आणि बोलणं अडलं की गाणं, हा सांधा मात्र तमाशा, ऑपेरा-कॉमिक आणि संगीत नाटक, तिन्हीकडे सारखा आहे.

दहाच्या नियमाला मी आजवर शिव्याच दिल्या आहेत. त्या रात्री वग धावत सुटला तेव्हा गंमत आली, हे नाकारत नाही; हवालदार आणि चोर एकमेकांची वाक्यं तोंडातून ओढून घेत होते आणि ढोलकी त्यांच्या मागे पळत होती. पण सावकाश फसत जाणारा माणूस, ज्याच्यासाठी वग रात्रभर बघायचा, तो चाळीस मिनिटांत फसू शकत नाही. दहाला पाच मिनिटं कमी असताना मॅनेजरने पडद्याआडून हात हलवला. चोर सापडला की नाही, ते नीट कळलं नाही.

सकाळी हजेरीच्या खेळाला निम्मं गाव पुन्हा जमलं. कुस्त्यांचा आखाडा दुपारी होता. ऊन चढलेलं, दिवे नाहीत, पडदा नाही, गायिकेच्या तोंडावर रात्रीची पावडर अर्धी. दिवसा लाउडस्पीकरला कुणाची हरकत नव्हती. सोंगाड्याने काल काढलेला दरबार भरवायला घेतला आणि राजा येऊन खुर्चीत बसला.

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने टोपी मागे सारत विचारलं, “काय रं, काल रातीला ह्यो राजा कुटं हुता?”

“दहा वाजलं, नाना,” सोंगाड्या म्हणाला. “निजला हुता.”

ढोलकीवाला थांबला. लोकांची तोंडं उघडली, मग थाप पडली.