हवाप्रदूषण-नियंत्रणातील लोकसहभाग

दूषित हवेची नोंद घेणे, दूषणाचे कारण शोधणे व ते दूर होईपर्यंत पाठपुरावा करणे या कार्यांतील स्थानिक रहिवाशांचा वाटा. शासकीय मापनकेंद्रे मोजक्याच ठिकाणी असतात. कारखान्यातून अकस्मात वायू सुटल्यास त्याचा त्रास प्रथम शेजारच्या वस्तीला होतो. परंतु तपासनीस येईपर्यंत वायू विरून जातो व तक्रारीला पुरावा उरत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी कॅलिफोर्नियात १९९५ मध्ये ‘बादली’ हे स्वस्त साधन तयार करण्यात आले. प्लॅस्टिकच्या बंद बादलीत टेडलार या निष्क्रिय प्लॅस्टिकची पिशवी असते. बादलीतील हवा पंपाने काढून घेतली असता बाहेरील हवा झडपेतून पिशवीत शिरते. नंतर प्रयोगशाळेत तिच्यातील बेंझिनासारखी बाष्पनशील कार्बनी संयुगे व गंधकयुक्त संयुगे ओळखतात.

लुइझिॲना राज्यातील नॉर्को येथे शेल कंपनीच्या रसायन कारखान्यालगतच्या डायमंड वस्तीने मार्जी रिचर्ड यांच्या नेतृत्वाखाली अशा नमुन्यांचा आधार घेतला. प्रथम दोनच रस्त्यांवरील घरे विकत घेण्यास तयार असलेल्या कंपनीने २००२ मध्ये चारही रस्त्यांवरील घरांबाबत ते मान्य केले. तमिळनाडूतील कडलूर औद्योगिक वसाहतीजवळच्या ग्रामस्थांनी २००४ मध्ये हीच पद्धत अवलंबिली.

काही मिनिटांच्या नमुन्यावरून वर्षाची सरासरी काढता येत नाही. म्हणून वेळ, वाऱ्याची दिशा, वास व शारीरिक त्रास यांची नियमित नोंदही आवश्यक ठरते. असे मापन शासकीय यंत्रणेस पूरक असते. कारवाईची जबाबदारी मात्र त्या यंत्रणेचीच राहते.