चित्रपटांतील मुलें कोणाचीं?

साने गुरुजींची 'श्यामची आई' ज्या घरांत वाचली गेली नाहीं, असें सुशिक्षित मराठी घर विरळाच. १९५३ सालीं आचार्य अत्रे यांनीं तिचा बोलपट केला, आणि उत्कृष्ट चित्रपटास मिळणारें राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक त्यासच लाभलें. मूळ पुस्तकांतील एक प्रसंग वाचकांच्या स्मरणांत असेल. एका वृद्ध महार स्त्रीची मोळी खालीं पडते; श्यामनें ती उचलून द्यावी व घरीं येऊन स्नान करावें, असें आई त्यास सांगते. त्या काळच्या मानानें हें धैर्यच होतें. परंतु ती म्हातारी मोळी घेऊन ज्या घरीं गेली, तेथें श्यामच्या वयाचा नातू असेल तर त्याच्या मनांत काय चाललें असेल, हें आपणांस कळत नाहीं. कथा श्यामची आहे.

त्या नातवाच्या बाजूची गोष्ट पडद्यावर स्पष्टपणें मांडली ती नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'नें, २०१३ सालीं. मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यांतले, वडार समाजांत जन्मलेले. त्यांचा नायक जब्या हा कैकाडी समाजाचा मुलगा. गांवांतील डुकरें पकडणें हें त्याच्या घराच्या वांट्यास आलेलें काम. 'फँड्री' म्हणजे कैकाडी भाषेंत डुकरच.

याच्या शेजारीं सुजय डहाके यांचा 'शाळा' (२०११) ठेवून पाहावा. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरील ह्या चित्रपटाचा काळ आणीबाणीचा. त्यांतील मुकुंद जोशीचें मन वर्गांतल्या शिरोडकरवर जडतें, जब्याचें शालूवर. वय तेंच, हुरहूर तीच. परंतु जोशीस भय आहे तें घरच्यांचें व गुरुजनांचें. जब्याचें भय निराळें: आपण डुकरामागें धांवत असतां शालूनें पाहिलें तर? एकास मोठें होणें म्हणजे जग उघडणें. दुसऱ्यास मोठें होणें म्हणजे जगानें आपली जागा आधींच ठरवून ठेविली आहे, हें उमगणें.

शाळेजवळ डुकराचा पाठलाग चालला असतां राष्ट्रगीताचे सूर ऐकूं येतात. जब्याचें कुटुंब जागच्या जागीं स्तब्ध उभें राहतें, आणि डुकर निसटतें. पुढें पकडलेलें डुकर काठीस बांधून नेतांना मागच्या भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर व सावित्रीबाई फुले यांचीं चित्रें दिसतात. येथें कोणी भाषण करीत नाहीं. त्याची गरजहि नाहीं. अखेरीस जब्यानें भिरकाविलेला दगड थेट प्रेक्षकांकडे येतो.

"असलीं दृश्यें मुलांस कशाला दाखवावीं?" असें वडील मंडळी विचारतात. अगदीं लहानांस जपावें, हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु तेरा-चौदा वर्षांचा मुलगा जब्याच्याच वयाचा असतो. जें एका मुलास सोसावें लागतें, तें दुसऱ्यानें पाहूंहि नये, हा कोणता न्याय?

एक उणीव मात्र उरली आहे. शिरोडकर काय किंवा शालू काय, दोघींस आपण पाहतों तें मुलांच्याच डोळ्यांनीं. परेश मोकाशी यांच्या 'एलिझाबेथ एकादशी'मध्यें (२०१४) पंढरपूरची चिमुरडी मुक्ता भावाच्या बरोबरीनें घरच्या संकटाशीं झगडते, हें पाहून समाधान वाटतें. परंतु वयांत येणाऱ्या मुलीची गोष्ट तिच्याच बाजूनें सांगितलेली अधिक पाहावयास मिळावी.

आमची सूचना एवढीच कीं, सुटींत हे चित्रपट आजी-आजोबांसह घरांतील मोठ्या मुलामुलींनीं एकत्र पाहावे. पाहून झाल्यावर वडिलांनीं लगेच उपदेश करूं नये. मुलांस प्रथम बोलूं द्यावें. मोळी उचलून देणें हा चांगुलपणा खराच. परंतु ती त्याच डोक्यावर कां आली, हें विचारणें ही त्यापुढची पायरी होय.